तुम्ही थांबलात ते चार महिने

अण्णा,

परवा मी एका माणसाला नाही म्हणाले, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात घोळतंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही असं नाही, पण पेन हातात घेतलं की पहिलं वाक्य कुठलं असेल ते मला ठाऊक असायचं आणि मी पेन खाली ठेवायचे.

मंगळवारी दुपारी तो कॉलेजातल्या माझ्या खोलीच्या दाराशी उभा होता. वय पंचेचाळिशीचं, अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली दवाखान्याची फाइल. चाकणहून आलो म्हणाला, अर्धी सुट्टी टाकून. आमच्या प्रयोगशाळेची एक छोटी बातमी मागे पेपरात आली होती. कार्बनचे अतिशय बारीक कण रक्तातून सोडले की ते गाठीत जाऊन साठतात, मग गाठ कॅमेऱ्याला चमकून दिसते, आणि वरून विशिष्ट प्रकाश टाकला की ते कण तापून गाठ जाळतात, असं काहीसं त्यात लिहिलं होतं. त्याने ती बातमी कापून फाइलमध्ये अगदी वर ठेवली होती. त्याच्या बायकोच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलेली. तो खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "मॅडम, तारीख पुढं ढकलू का? तुमचं औषध कधीपर्यंत येईल?"

मी म्हणाले, "नाही. तारीख ढकलू नका. आमचं काम अजून उंदरांवर चाललंय. तुमच्या बायकोच्या उपयोगाचं ते नाही."

त्याने फाइलमधल्या कात्रणावर बोट ठेवलं. "म्हणजे वर्षभरात पण नाही?"

"वर्षभरात नाही. पाच वर्षांत होईल असंही मी सांगणार नाही. दिलेल्या तारखेला ऑपरेशन करून घ्या."

"मग पेपरात कशाला छापता हो?" असं तो म्हणाला. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं. त्याने ते कात्रण काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं, फाइल पुन्हा पिशवीत घातली आणि गेला. मी त्याच्यामागे गेटपर्यंत गेले, पण तोवर तो मोटरसायकलवर बसून निघाला होता. त्याने तारीख पाळली का, मला माहीत नाही. नंबर घ्यायचंही सुचलं नाही. परत येऊन त्या कात्रणासमोर बसले. तीन वाजताचा तास मी घेतला नाही.

रबराच्या कंपनीत तुमचं खातं मिक्सिंगचं. धाराशिवकडचं गाव सोडून आपण चाकणजवळ निघोज्याला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. घरमालकांच्या गोठ्यामागच्या दोन खोल्या, पुढे सामाईक नळ, आणि नळाशेजारी एक दगड. संध्याकाळी तुम्ही कंपनीतून आलात की घरात यायचा नाहीत, आधी त्या दगडावर बसायचात. रबरात कार्बन मिसळायचं काम. दिवसभर गोण्या फोडून ती काळी भुकटी मिक्सरच्या तोंडात ओतायची. शर्ट काढला की गळ्याभोवती रेघ दिसायची, रेघेच्या खाली माझे अण्णा आणि वर कुणीतरी काळा परका माणूस. आई वाटीत खोबरेल आणून द्यायची. "साबणानं कार्बन जात न्हाई," तुम्ही मला समजावून सांगायचात, जणू मलाही उद्या तेच करायचंय. "आधी तेलानं सोडवायचा, मग साबण. उलटं केलं की आत बसतो." तरी डोळ्यांच्या कडांना तो राहायचाच. घरमालकीण काकू येता-जाता हसायच्या, "काय वो, काजाळ घालून कुठं निघाला?" तुम्हीही हसायचात. तुमची उशी आई वेगळी धुवायची.

मला मात्र आठवीत त्याची लाज वाटायला लागली. वर्गात कुणीतरी विचारलं, वडील काय करतात, आणि मी सांगितलं सुपरवायझर आहेत. ते फिरत फिरत तुमच्या खात्यातल्या कुणाच्या तरी मुलीकडून तुमच्यापर्यंत आलं. त्या दिवशी तुम्ही दगडावर बसलात, तेल लावलं, आणि मला समोर बसवलंत. मला वाटलं मार बसणार. तुम्ही हाताला तेल चोळत शांतपणे म्हणालात, "आपण हाय त्यापेक्षा मोठं सांगू नये, बाई. एकदा सांगितलं की लोक तसंच धरून चालतात." एवढंच. मग म्हणालात, पाठीवर पाणी घाल. मी तांब्या तांब्या पाणी घालतेय आणि ते काळं होऊन नाल्यात चाललंय, हे मला आत्ताही दिसतंय.

पीएचडीला लागले आणि विषय मिळाला तो कार्बन, हे घरी सांगितलं तेव्हा तुम्ही ताटावर बसला होतात. घास हातात धरून तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. "म्हणजे बापाच्याच धंद्यात आलीस की!" आई चिडली, "एवढं शिकवलं ते काय पुन्हा काळं व्हायला?" मी सांगितलं, आमचा कार्बन गोणीत येत नाही, आम्ही तो घडवतो. सरबतात घालतात ते लिंबूफूल आणि युरिया पाण्यात विरघळवायचं, पोलादी डब्यात घट्ट बंद करून भट्टीत तापवायचं, की त्यातून इतके बारीक कण होतात की ते साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. आई म्हणाली, दिसत न्हाई तर हाय कशावरून? तुम्ही मात्र जेवण विसरून ऐकत होतात. आमच्या घरात मी शिकलेलं काहीतरी तुम्हाला आधीपासून माहीत असलेलं निघालं, असं तोवर कधी झालं नव्हतं.

त्या पहिल्या वर्षी मी फार रडकुंडीला आले होते. कण साध्या पाण्यात छान राहायचे, पण रक्तासारख्या खारट पाण्यात घातले की गुठळ्या व्हायच्या. बुधवारी संध्याकाळी मी पुण्याहून यायचे, गुरुवारी तुमची सुट्टी असायची म्हणून. एका गुरुवारी तुम्हाला गुठळ्यांचं सांगितलं. तुम्ही विचारलंत, "एकदम ओततीस का?" मी म्हणाले हो. "मग व्हणारच. कार्बन कार्बनलाच धरतो. आमी आधी थोडं तेल पाजतो त्याला, मग हळूहळू सोडतो. आपल्यात आपण धरायच्या आधी त्याला दुसऱ्या कशानं तरी गुंडाळायचं." मला हसू आलं, कारण आमचे सर तेच इंग्रजीत सांगत होते आणि माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी कणांना आधी एका मऊ पदार्थाचं आवरण दिलं, थेंबाथेंबाने सोडलं, आणि गुठळ्या बऱ्याच कमी झाल्या. तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही पलीकडे खात्यातल्या माणसांना ओरडून सांगितलंत. मिक्सरच्या आवाजात ते त्यांना किती ऐकू गेलं कुणास ठाऊक.

त्याच सुमारास तुम्ही मला मास्कचं पाकीट दिलंत. कंपनी महिन्याला मोजके मास्क द्यायची. उकाड्यात ते नको होतात म्हणून तुम्ही तोंडाला रुमाल बांधायचात आणि मास्क माझ्यासाठी साठवायचात. "नाकात जाऊ देऊ नको. तुझा तर आणखी बारीक हाय म्हणतीस." आमच्या प्रयोगशाळेत त्याहून चांगले मास्क फुकट होते, आणि माझे कण पाण्यातच असायचे, उडायचे नाहीत. मी ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. तुम्ही घाला, असं तुम्हाला म्हणायचं मला सुचलं नाही.

मग ती कुपी. एका गुरुवारी दुपारी मी पर्समधून एक काचेची कुपी आणि जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च आणला. कुपीत कोऱ्या चहासारखं पाणी. तुम्ही स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंत, खिडकीवर चादर टांगलीत, आईला गॅस बंद करायला लावलंत. तिची भाकरी तव्यावर अर्धी राहिली म्हणून ती करवादत होती. मी टॉर्च लावला आणि ते चहाचं पाणी हिरवंगार पेटलं. आई भाकरी विसरली. तुम्ही कुपी हातात घेतलीत, टॉर्चसमोर धरलीत, बाजूला नेलीत, पुन्हा समोर आणलीत. तुमच्या नखांतला काळा कार्बन आणि मधे तो हिरवा उजेड.

"हा माझाच कार्बन?"

"तोच, अण्णा. फक्त लई बारीक."

तुम्ही कुपी पुन्हा एकदा हलवून बघितलीत. मग म्हणालात, "आणि आत गेल्यावर परत बाहेर निघतो का गं? आमचा तर निघत न्हाई." मी म्हणाले, त्यावर काम चालू आहे. खरं तर त्यावर तेव्हा माझं काहीच काम चालू नव्हतं. पुढे माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

लघवीतून रक्त जातंय हे तुम्ही आईपासून दोन महिने लपवलंत. पिंपरीच्या दवाखान्यात कॅमेरा घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि डॉक्टरांनी आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं: मूत्राशयाची गाठ आहे, स्नायूपर्यंत गेलीय, पण बाहेर गेलेली दिसत नाही. मूत्राशय काढावं लागेल. पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावावी लागेल, ती कायमची. जितकं लवकर तितकं बरं. तुमच्या कामामुळे झालं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, एकट्या माणसाचं तसं सांगता येत नाही, विड्याही ओढत होता ना. आपण रिक्षाने घरी निघालो. तळवड्याच्या चौकात सिग्नलला तुम्ही एवढंच म्हणालात, "पिशवी लावून शिफ्टला कसं जायचं?"

त्याच आठवड्यात आमचा उंदराचा प्रयोग जमला होता. पाठीवर गाठ वाढवलेल्या उंदराला कण टोचले, गाठ फोटोत चमकली, मग प्रकाश टाकला आणि आठवड्याभरात गाठ सुकून खपली झाली. ते फोटो माझ्या फोनमध्ये होते. गुरुवारी आई पीठ दळायला गेली होती. मी तुम्हाला ते दाखवले. का दाखवले? तुमचा चेहरा मला बघवत नव्हता, आणि माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आणि मला मोठेपणा हवा होता, अण्णा. तेही होतं.

तुम्ही फोन डोळ्यांजवळ धरलात. "उंदीर वाचला?"

"वाचला."

तो वाचला नव्हता. चौदाव्या दिवशी नियमाप्रमाणे सगळे उंदीर मारून उघडून तपासावे लागतात. ते मी माझ्या हातांनी केलं होतं. गाठ गेली होती, पण यकृत काळसर झालं होतं. कार्बन तिथे जाऊन बसला होता, निघाला नव्हता. हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

"माणसाला यायला किती दिवस लागतील?"

"फार नाही, अण्णा. वर्षभरात सुरू होईल."

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. आमचे सर म्हणायचे, सगळं नीट झालं तरी दहा-पंधरा वर्षं धर, आणि सगळं नीट कधीच होत नाही. पण तुम्ही माझ्याकडे असे बघत होतात, जसे मी लहानपणी तुमच्याकडे बघायचे. त्या नजरेपुढे दहा-पंधरा हा आकडा माझ्या तोंडातून निघाला नाही. तुम्ही फोन मला परत दिलात आणि आवाज खाली आणून म्हणालात, "आईला बोलू नको. ती उगं आशा लावून बसंल. मी बघतो काय सांगायचं ते."

तुम्ही दवाखान्यात सांगितलंत, गावाकडे जमिनीचं काम आहे, ऑपरेशन नंतर बघू. आईला सांगितलंत, घाई काय, गोळ्यांनी रक्त थांबलंय. आई पाया पडली. तिने उपास धरले. मला बाजूला घेऊन म्हणाली, तू शिकलेली हाईस, तुझं तरी ऐकतील, सांग की. मी म्हणाले, सांगते. आणि तुम्ही दर बुधवारी मला दारातच विचारायचात, "काय म्हणतोय आपला उंदीर?" मी म्हणायचे, चांगला आहे.

दुसऱ्या महिन्यात मी एकदा प्रयत्न केला. नळावर तुम्हाला तेलाची वाटी देताना म्हणाले, "अण्णा, ऑपरेशन करून घेऊ या. आमचं औषध नंतरही देता येईल." तुम्ही हसलात. "अगं, वर्षातलं दोन महिनं तर गेलं बी. तू एवढं करायलीस, मी एवढं थांबू शकत न्हाई व्हय?" तेव्हा मला बोलता आलं असतं. मी खोटं बोलले, उंदीर मेला, औषध नाही. सात शब्द होते. घरमालकीण काकू घागर घेऊन आल्या आणि मी उठून आत गेले. त्या आल्या नसत्या तर बोलले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. आता तेही सांगत नाही.

चौथ्या महिन्यात तुमची पाठ दुखायला लागली. गोणी उचलताना भरली असेल म्हणून तुम्ही शेक घेत राहिलात. मग एक दिवस शिफ्टमधून दोघांनी धरून आणलं. स्कॅनमध्ये गाठ मणक्यात पसरलेली दिसली. त्याच डॉक्टरांनी या वेळी फक्त मला आत बोलावलं. म्हणाले, आता मूत्राशय काढून उपयोग नाही. मी विचारलं, चार महिन्यांपूर्वी केलं असतं तर? ते फाइलची पानं उलटत राहिले. "सांगता येत नाही," म्हणाले, "पण तेव्हा आपल्या हातात काहीतरी होतं."

वॉर्डात तुम्ही सगळ्यांना सांगायचात. सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना, फरशी पुसणाऱ्या मावशींना. "माझी पोरगी याच्यावरच औषध करती. कार्बनचं. मला गाठणार न्हाई ते, पण व्हणार." मी शेजारी स्टुलावर बसलेली असायचे. मावशींनी एकदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताखालून उठून पळून जावंसं वाटलं.

शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. आई खाली औषधं आणायला गेलीय. तुमचे हात चादरीवर आहेत, कधी नव्हे इतके स्वच्छ. दोन महिने कंपनीत न गेल्याने नखांतूनही कार्बन गेलाय. ते हात मला ओळखू येत नाहीत. मी म्हणते, "अण्णा, तो उंदीर..." तुम्ही डोळे उघडता. माझ्याकडे बराच वेळ बघता. मग म्हणता, "ऱ्हाऊ दे उंदराचं. जेवलीस का?"

तुम्हाला कळलं होतं का? बारा वर्षं मी त्या एका वाक्याभोवती फिरतेय. कधी वाटतं, कळलं होतं आणि तुम्ही मला सोडवलंत. कधी वाटतं, नव्हतं कळलं, तुम्हाला खरंच फक्त माझ्या जेवणाची काळजी होती. पहिलं खरं असेल तर ते मला सोसत नाही, आणि दुसरं खरं असेल तर तेही नाही. मी जेवले नव्हते. मी म्हणाले, जेवले.

त्या परीक्षकांना मी खरं उत्तर दिलं. म्हणाले, कण बाहेर निघत नाहीत, यकृतात राहतात, आणि म्हणून हे औषध नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, इतकं स्वच्छ सहसा कुणी सांगत नाही. मला बाहेर येऊन जिन्यात बसावं लागलं. तेव्हापासून मी तेवढंच करतेय, अण्णा. काम झालं की लघवीवाटे निघून जातील इतके लहान कण. काही निघतात, काही राहतात. ज्या उंदरांतून निघतात त्यांच्यात गाठ नीट तापत नाही. मुलं येतात, शिकतात, शोधनिबंध छापून येतात. दवाखान्यातल्या एकाही खाटेपर्यंत आमचं काही पोचलेलं नाही. परवाच्या त्या माणसाला मी जे सांगितलं, ते तुम्हाला त्या गुरुवारी सांगायला किती वेळ लागला असता, ते मी घड्याळ लावून बघितलं. एक मिनिटही नाही.

आई आता माझ्याकडे असते, मारुंजीला. सातव्या मजल्यावर तिचं मन रमत नाही, तरी खालच्या भाजीवाल्यांशी तिने ओळखी केल्यात. आत्ता ती समोर मेथी निवडत बसलीय. मघाशी तिने विचारलं, "एवढं काय लिहायलीस?" मी म्हणाले, कॉलेजचं काम आहे. ही पानं मी उद्या कॉलेजातल्या कपाटात कुलपात ठेवीन, कारण आईला वाचता येतं.

कुणी पाहुणे आले की ती तुमची गोष्ट सांगते, दर वेळी तीच. "लई हट्टी माणूस. डॉक्टरनं सांगितलं, मी पाया पडले, भावकी येऊन सांगून गेली. कुणाचं म्हणून ऐकलं न्हाई." मग ती डोळ्यांना पदर लावते, आणि मी उठून चहाचे कप गोळा करते. मी तिला अजून सांगितलेलं नाही, अण्णा, की तुम्ही ऐकलं होतं. माझं ऐकलं होतं.